अकरा नंबरचा कृष्ण

जयलक्ष्मीपुरमच्या आमच्या घरी अमर चित्र कथेच्या जुन्या अंकांचा गठ्ठा अजून आहे. काही कन्नड, काही मराठी. लहानपणी मला कोडं पडायचं, मालिका कृष्णापासून सुरू झाली असं सगळे सांगतात, मग कृष्णाचा नंबर अकरा कसा?

सहसा सांगतात ती गोष्ट दिल्लीची. फेब्रुवारी १९६७. कारकळचे अनंत पै मुंबईहून तिकडे गेले होते. मुंबईत दूरदर्शन यायला अजून पाच वर्षं होती, त्यामुळे एका पुस्तकांच्या दुकानात टीव्ही दिसला तसे ते थांबले. प्रश्नमंजूषा चालू होती. मुलांना ग्रीक देवांची नावं येत होती, रामाची आई कोण हे मात्र सांगता येईना. पैंच्या हाताशी टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्सचा अनुभव होता. त्यांनी इंडिया बुक हाउस या प्रकाशन संस्थेला आपल्या गोष्टींची चित्रमालिका काढायला राजी केलं.

पण दहा अंक आधीच निघालेले होते! सिंड्रेला, पिनोकिओ, हिमगौरी, सगळ्या परदेशी परीकथा. बंगळुरूला इंडिया बुक हाउसचं काम बघणारे जी. के. अनंतराम सांगत, की अमर चित्र कथा पहिल्यांदा १९६५मध्ये कन्नडमध्येच आली. दिल्लीची गोष्ट सांगायला सुटसुटीत, म्हणून ती रूढ झाली. मला मात्र अनंतरामांचं म्हणणं डावलवत नाही. एका माणसाला परदेशातल्या गोष्टी कन्नड मुलांच्या हाती द्यायच्या होत्या, दुसऱ्याला घरच्या गोष्टी साऱ्या देशातल्या मुलांपुढे ठेवायच्या होत्या. अकरा या आकड्यात दोघांचंही श्रेय आहे.

तो कृष्ण काढला राम वाईरकर यांनी. पुढे प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी मराठी मंडळी या मालिकेत रमली. सुरुवातीला पैशांची ओढाताण, म्हणून पिवळा, निळा, हिरवा एवढ्या रंगांवर पानं भागवत. जुना अंक उजेडात धरला की ते कळतं. माणसांच्या अंगावरही हिरवट झाक दिसते.

आणखी लहान वाचकांसाठी १९८०मध्ये 'टिंकल' हे नियतकालिक निघालं. तिरुच्चीच्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींतून १९८३मध्ये त्यात भोळसट सुप्पंडी आला. कृष्णाचं मोरपीस आणि सुप्पंडीचं ते चौकोनी डोकं, दोन्ही वाईरकरांच्याच हातचं.