सुईणीचे हात

धाकटा भाऊ झाला ते साल १९५८. त्या वेळी आमच्याकडं बाळंतपण घरातच व्हायचं आणि सुईण मांगवाड्यातून यायची. पहाटेच चुलाणावर हंडा चढायचा, त्यात निरगुडीचा पाला. सुईण आईचं अंग तिळाच्या कोमट तेलानं चोळायची. पाठ, कंबर, पोटऱ्या, सगळं जिरवून. मग कढत पाण्याचे तांबे. “सोस गं बाई, न्हाईतर कंबर धरंल,” म्हणायची. नंतर पाय लांब करून त्यांवर बाळाला घ्यायची, टाळू भरायची. शेवटी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा न् बाळंतशेपा टाकलेला. त्या शेकानं आई घामाघूम व्हायची आणि गाढ झोपायची.

दहा दिवस सोयर. तेवढे दिवस आईलाही घरातलं कोणी शिवत नसे, म्हणून सुईणीचा हात चालायचा. अकराव्या दिवशी गोमूत्र शिंपडलं, आई न्हाऊन पुन्हा घरात आली. बाराव्या दिवशी सुईण लुगडं न्यायला आली, ती अंगणातच थांबली. आजीनं ते वरूनच तिच्या पदरात टाकलं.

घटनेनं १९५० सालीच अस्पृश्यता बंद केली होती. १९५५ साली शिक्षेचा कायदाही झाला होता. आमच्या अंगणात तो आला नव्हता.

सुईणीनं पाणी मागितलं. तांब्या माझ्या हातात होता. तिनं ओंजळ धरली, मीही तो उंचच धरला.

म्हातारपणी कंबर दुखली की आई म्हणायची, “तिच्यासारखा हात कुणाचा न्हाई.” मी गप्प बसायचो.