योगविद्येचें दार

योग म्हटला, कीं सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढें गुहा, मृगाजिन आणि जटाधारी साधु उभा राहतो. हें चित्र अगदींच खोटें नाहीं. पंधराव्या शतकांतील स्वात्मारामाच्या ‘हठयोगप्रदीपिके’नें ही विद्या गुप्त ठेवावी असेंच बजावलें आहे. परंतु मौज अशी, कीं त्याच ग्रंथाच्या त्याच पहिल्या प्रकरणांत वृद्ध, रोगी व दुर्बल यांसही अभ्यासानें सिद्धि मिळते, असें आश्वासन आहे. त्याहून जुन्या ‘दत्तात्रेययोगशास्त्रा’नें तर ब्राह्मण, बौद्ध, जैन, कापालिक, फार काय चार्वाकसुद्धां, एका पंक्तीस बसविले आहेत, जो श्रद्धेनें अभ्यास करील त्यास फळ! आणि महाराष्ट्रांत ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, गीतेच्या सहाव्या अध्यायावर लिहितांना नाथपंथाचें हें गुह्य लोकांच्या मराठींत सांगून टाकलें. दार लावणें आणि दार उघडणें, या दोन्ही ओढी योगाच्या इतिहासांत अशा पूर्वींपासून आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभीं नर्मदाकांठीं मालसर येथें परमहंस माधवदास नांवाचे योगी राहत. त्यांच्या दोन शिष्यांनीं हें दार संसारी माणसांसाठीं उघडलें. मणिभाई देसाई ऊर्फ श्रीयोगेंद्र यांनीं २५ डिसेंबर १९१८ रोजीं मुंबईजवळ वर्सोवा येथें योगसंस्था काढली. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनीं स्त्रियांसाठीं लिहिलेलें योगव्यायामाचें पुस्तक १९३४ सालीं निघालें. दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. त्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायामाची शास्त्रीय परीक्षा आरंभिली. शिवाय पुष्कळ मुलांना पटांगणावर एकाच वेळीं करतां यावा असा ‘यौगिक संघव्यायाम’ आंखून दिला.

श्रीयोगेंद्र मध्यंतरीं अमेरिकेस गेले होते आणि न्यूयॉर्क राज्यांत त्यांनीं संस्थेची शाखाही काढली होती. मायदेशीं आल्यावर पुनः तिकडे जाण्याचा त्यांचा मानस होता. पण १९२४ च्या कायद्यानें वाट अडविली. १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतील मजुरांना तो देश आधींच बंद झाला होता. आणि १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत हिंदी मनुष्य ‘गोरा’ नाहीं, सबब तो नागरिक होऊं शकत नाहीं, असा निर्णय दिला. हीं बंधनें १९४६ सालीं थोडीं सैल झालीं, आणि राष्ट्रावार भेदाची पद्धति १९६५ च्या कायद्यानें गेली. म्हणजे आसनांचीं पुस्तकें समुद्र ओलांडून खुशाल जात होतीं. तीं ज्यांच्या देशाचीं, त्या माणसांना मात्र बंदरावर अटकाव होता. विद्येचें स्वागत आणि विद्यावंताला मज्जाव, असा हा न्याय!

परदेशांत योगाचा पुढें मोठा बोलबाला झाला. परंतु सडपातळ देह, रिकामा वेळ आणि भरलेला खिसा ज्यांच्यापाशीं आहे त्यांचाच तो, असाही समज कित्येकांचा झाला. हा समज खोटा पाडणारीं उदाहरणें आहेत. १९५५ सालीं माँटगोमेरी शहरांत बसमधील जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाई पुढें गांव सोडून डेट्रॉइटला गेल्या. त्या योगाभ्यास करीत. १९७३ सालीं त्या आसन करीत असतांना काढलेलें छायाचित्र अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत जतन केलेलें आहे.

दुसरें उदाहरण घरचेंच आहे. १९३७ सालीं पुण्यास एक अठरा-एकोणीस वर्षांचा कानडी मुलुखांतला तरुण आला. बाळपण दुखण्यांत गेलेलें, हातीं पैसा नाहीं, मराठी येत नाहीं. हे बी. के. एस. अय्यंगार. दुर्बल देह आणि परकी पेठ या दोहोंचा अनुभव त्यांनीं घेतलेला होता. पुढें त्यांनीं पट्टा, लाकडी ठोकळा, दोर, लोड, घडीची खुर्ची असल्या साध्या वस्तूंचा आधार देऊन म्हातारे व आजारी यांनाही आसनें साधतील अशी रीत बसविली. देहाला आसनांत कोंबावयाचें नाहीं, तर आसन देहापर्यंत आणावयाचें, हें या रीतीचें मर्म होय.

हेंच मर्म निर्वासितांसाठीं व स्थलांतरितांसाठीं चालणाऱ्या आजच्या वर्गांना लागू पडतें. तेथें खुर्चीवर बसून श्वास घ्यावयास शिकवितात, ही झाली देहाची सोय. पण पाळी संपवून थकून आलेल्या मजुराला वेळ सोईची हवी. बाईला नेहमींच्या वस्त्रांनिशीं यावयास संकोच वाटतां कामा नये. सूचना तिला समजेल त्या भाषेंत हवी. आणि जिनें घरदार पाठीमागें टाकलें, तिच्या खांद्याला शिक्षकानें हात लावण्यापूर्वीं तिला विचारलें पाहिजे. शुल्काची अडचण तर सर्वांत आधीं दूर व्हावयास हवी.

संयुक्त राष्ट्रांनीं डिसेंबर १९१४ नव्हे, २०१४ मध्यें २१ जून हा योगदिन ठरविला, म्हणजे ज्या विद्यावंतांना शतकापूर्वीं बंदरावर अडविलें त्यांच्या विद्येस आतां जगाची मान्यता मिळाली. पण मैदानावर किती हजार चटया पसरल्या, यावरून दार उघडें आहे कीं नाहीं तें कळत नाहीं. मुंबई-पुण्यांतही बांधकामावरची परप्रांतीय बाई, दुरून आलेला पहारेकरी त्या मैदानाच्या कडेनें रोज जातो. त्याला ‘आंत या’ असें कोणी म्हटलें काय, यावरूनच तें कळेल.