बियाण्यातील पाठभेद

पोथीची प्रत करणारा लेखनिक आणि पुढील हंगामासाठी बी राखून ठेवणारा शेतकरी यांच्यापुढील प्रश्न एकच असतो : हाती आले ते जसेच्या तसे पुढे कसे सोपवावे? वाटाणा आणि घेवडा यांच्याबाबत हा प्रश्न सोपा मानला जाई. यांच्या फुलांतील खालच्या दोन पाकळ्या होडीसारख्या जुळलेल्या असतात. पराग आणि कुक्षी त्यांच्या आत झाकलेली राहतात आणि बहुधा फूल उमलण्यापूर्वीच स्वपरागण उरकते. त्यामुळे शेजारी लावलेले वाणही आपापले रूप टिकवतील, असा भरवसा वाटे.

१८५८ साली हा भरवसा डळमळला. इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यात नोल येथे को नावाच्या गृहस्थांनी आदल्या वर्षी काळ्या बियांच्या बुटक्या घेवड्याच्या ओळी पांढऱ्या व तपकिरी घेवड्यांच्या मध्ये लावल्या होत्या. त्यांचे राखलेले बी पेरले, तेव्हा झाडांची उंची, फुले, शेंगा यांत विलक्षण विविधता निघाली. बियांतही तपकिरीपासून काळ्यापर्यंत छटा उमटल्या. चार्ल्स डार्विन यांनी ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या साप्ताहिकात ही हकीकत मांडली आणि तिचे कर्तृत्व मधमाश्यांकडे दिले. मधमाशी बाजूच्या पाकळीवर टेकली की दडलेली कुक्षी बाहेर डोकावते, हे त्यांनी स्वतः न्याहाळले होते.

संकर घडला त्याच वर्षी तो ओळखू का आला नाही? घेवड्याचा रंग बियांच्या सालीत असतो आणि साल ही सर्वस्वी मातेची देणगी असते. आतील गर्भ परक्या परागाचा असला तरी वरचे रूप मातेचेच राहते. बरणीतील बी निर्मळ दिसते. भेद प्रकटतो तो पुढच्या पिढीत. वाटाण्याचे तसे नाही. त्याचा पिवळा वा हिरवा रंग आतल्या डाळींचा, म्हणजे गर्भाचाच असतो. म्हणून संकराची खूण त्याच शेंगेत उमटू शकते. डेव्हनशरमधील जॉन गॉस यांनी १८२२ साली असाच अनुभव नोंदविला होता. निळसर वाटाण्यावर त्यांनी फिक्या वाटाण्याचा पराग घातला, तेव्हा दाणे फिके आले. पुढील पिढीत मात्र एकाच शेंगेत दोन्ही रंग नांदू लागले. गॉस यांनी दाणे मोजले नाहीत.

ते काम ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेल यांनी केले. ३४ वाण दोन वर्षे पेरून त्यांनी प्रथम त्यांचा खरेपणा पारखला. मग संकरित झाडांवरील ८,०२३ दाण्यांत ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे मोजले. दहा हजारांहून अधिक झाडांत अनाहूत परागाची निःसंशय उदाहरणे फारच थोडी आढळली, हेही त्यांनी १८६६ च्या निबंधात प्रांजळपणे नोंदविले.

येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, संकराचा अर्थ शुद्ध वाणांच्या आधारावरच लागला. वाण राखले नसते तर भेद हा भेद म्हणून दिसलाच नसता. बी राखणाऱ्याने ओळींत अंतर ठेवावे, फुलांवर जाळी घालावी, वेगळे झाड बियाण्यातून वगळावे, हे सारे आवश्यकच आहे. परंतु चोखंदळ संपादक पाठभेद मूळ संहितेत घेत नाही, तसा तो पुसूनही टाकीत नाही, तळटीपेत जपतो. वगळलेल्या झाडाचे चार दाणे निराळ्या पुडीत, वर्ष आणि ओळ लिहून ठेवणे, हीदेखील वाणाशी निष्ठाच होय.