‘राज्यशास्त्र’ या नावातील राज्य

मराठीत ज्याला आपण राज्यशास्त्र म्हणतो, त्याला हिंदीत राजनीतिविज्ञान म्हणतात. हा भेद केवळ भाषांतराच्या आवडीनिवडीचा आहे असे आम्हांस वाटत नाही. या अभ्यासाच्या केंद्रस्थानी ‘राज्य’ असावे की नसावे, यावर अमेरिकेत अनेक दशके वाद झाला आहे.

पाठ्यपुस्तके अॅरिस्टॉटलपासून वा कौटिल्यापासून आरंभ करतात. विचार तितका जुना आहेच. पण पदवी, नियतकालिक आणि परिषद यांनी बांधलेली ज्ञानशाखा अलीकडची. १८५७ मध्ये प्रशियातून आलेले फ्रान्सिस लीबर न्यू यॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात इतिहास व राज्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८८० मध्ये तेथेच जॉन बर्जेस यांनी राज्यशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय काढले. बर्जेस जर्मनीत शिकलेले. सार्वभौम राज्य हाच त्यांच्या शास्त्राचा गाभा. मात्र १८९०च्या आपल्या ग्रंथात, राष्ट्रीय राज्य घडवण्याची खरी पात्रता त्यांनी ट्यूटॉनिक वंशांच्या पदरात टाकली आणि इतरांवर सत्ता चालवणे हे त्या वंशांचे कर्तव्य ठरवले. शास्त्राच्या पायातच हा दगड बसवलेला होता.

बर्जेस १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. हा योगायोग खरा, पण तो आम्हांस विसरवत नाही. ज्या विद्याशाखेत त्यांचे अध्ययन झाले तिचे नाव राज्यशास्त्राचेच होते. अर्थशास्त्राचे सेलिग्मन आणि समाजशास्त्राचे गिडिंग्ज तिच्यातच शिकवीत. आंबेडकरांचा प्रबंध प्रांतिक वित्तव्यवस्थेवर, १९१६चा निबंध जातिसंस्थेवर आणि १९४७चे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन राज्यघटनेवर. राज्याने अंग काढून घेतले की स्वातंत्र्य जमीनदाराला आणि मालकाला मिळते, हा त्या निवेदनातील युक्तिवाद निव्वळ घटनापंडिताला सुचणारा नव्हे.

इकडे अमेरिकेत घर वाटले जात होते. इतिहासकारांची संघटना १८८४ची, अर्थशास्त्रज्ञांची १८८५ची, राज्यशास्त्रज्ञांची १९०३ची, समाजशास्त्रज्ञांची १९०५ची. वाटणीनंतर राज्यशास्त्राच्या हाती राहिले ते मुख्यतः राज्य. पुढे शिकागोत चार्ल्स मेरियम यांनी मतदार आणि त्यांचे वर्तन यांकडे लक्ष वळवले. डेव्हिड ईस्टन यांनी १९५३ मध्ये ‘राज्य’ ही संकल्पनाच संदिग्ध म्हणून बाजूला सारली व ‘राजकीय व्यवस्था’ हा शब्द रूढ केला. मोजता येईल ते शास्त्र! व्हिएतनाम युद्ध आणि कृष्णवर्णीयांचा लढा दाराशी आल्यावर या मोजमापाचे तोकडेपण उघडे पडले, आणि १९६९ मध्ये खुद्द ईस्टन यांनीच अध्यक्षीय भाषणात प्रस्तुततेची व कृतीची मागणी मांडली. १९८५ मध्ये थीडा स्कॉचपोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्याला अभ्यासात परत आणण्याची हाक ग्रंथाच्या शीर्षकातूनच दिली.

राज्य परतले, पण बर्जेस यांच्या वंशविचाराचा हिशेब बराच काळ राहून गेला होता. शास्त्राचे इतिहास त्याला बहुधा त्या काळाची लकब समजून पुढे जात. जेसिका ब्लॅट यांचा २०१८चा ग्रंथ तेथे थांबतो, आणि वंशाची कल्पना या ज्ञानशाखेच्या पहिल्या पिढ्यांच्या सिद्धांतांतच कशी गुंफलेली होती ते दाखवतो.