फिर्यादीवाचून शिक्षा : नट फिलिप लोब

1950 च्या जून महिन्यात न्यूयॉर्क शहरी ‘रेड चॅनल्स’ या नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. एफ. बी. आय. या अमेरिकन तपास खात्यातून बाहेर पडलेल्या तिघा गृहस्थांनी कम्युनिस्टांचा माग काढण्यासाठी एक पत्रक सुरू केले होते. त्याच मंडळींचे हे अपत्य. रेडिओ आणि टेलिव्हिजन या क्षेत्रांतील 151 व्यक्तींची नावे त्यात दिली होती, आणि प्रत्येक नावाखाली त्या व्यक्तीने कोणत्या निवेदनावर सही केली, कोणत्या समितीस आपले नाव दिले, याची टिपणे होती. अमुक मनुष्य कम्युनिस्ट पक्षाचा सभासद आहे, असे ठाम विधान मात्र पुस्तककर्त्यांनी टाळले होते. ही खबरदारी वकिलाच्या नजरेतून सुटत नाही. टिपणे द्यावयाची आणि निष्कर्ष वाचकावर सोपवावयाचा, म्हणजे अब्रुनुकसानीच्या दाव्यातून निसटावयास वाट राहते.

त्या नावांत फिलिप लोब यांचे नाव होते.

लोब यांचा जन्म 1891 साली फिलाडेल्फियात झाला. ते मूळचे रंगभूमीचे. 1925 साली न्यूयॉर्कच्या थिएटर गिल्डने रंगभूमीवर आणलेल्या ‘गॅरिक गेटीज’ या प्रयोगाची बसवणूक त्यांचीच होती. परंतु समव्यवसायी नटांत त्यांचा लौकिक झाला तो वेगळ्या कारणाने. त्या काळी तालमीचे दिवस नटाने फुकट घालवावयाचे, असा रिवाज होता. आठवडेच्या आठवडे तालमी कराव्या, आणि नाटक दोन-चार प्रयोगांत पडले की नटाने रिकाम्या हाताने घरी जावे! तालमीचेही वेतन मिळालेच पाहिजे, म्हणून लोब ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ या नटांच्या संघात वर्षानुवर्षे भांडले. बेसबॉलच्या खेळात निग्रो खेळाडूंना असलेली बंदी उठावी, यासाठी स्थापन झालेल्या समितीसही त्यांनी आपले नाव दिले होते. 1947 साली जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि ती बंदी मोडली. पण समितीस दिलेले नाव मात्र तीन वर्षांनी लोब यांच्या विरुद्ध टिपण म्हणून छापले गेले.

टेलिव्हिजनवर ते आले गर्ट्रूड बर्ग या बाईंमुळे. ब्राँक्स भागातील गोल्डबर्ग नावाच्या एका ज्यू कुटुंबाची कथा या बाई 1929 पासून रेडिओवर सांगत होत्या. लेखन त्यांचे आणि घरधनीण मॉलीची भूमिकाही त्यांचीच. 1939 साली वल्हांडणाच्या सणाचे पवित्र भोजन चालू असता खिडकीतून दगड येऊन पडतो, असा प्रसंग त्यांनी ऐकविला होता. जर्मनीत ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनामंदिरे फुटल्यास तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. 1948 साली या कथेचे नाटक झाले आणि त्यात मॉलीचा नवरा जेक ही भूमिका लोब यांनी केली. पुढल्याच वर्षी जानेवारीत ‘द गोल्डबर्ग्ज’ ही मालिका सी. बी. एस. वर सुरू झाली, तेव्हा जेकही तेच होते. तापट, काटकसरी, पण घरच्यांवर जीव टाकणारा हा बाप घरोघर इतका आपलासा झाला की, 1950 साली मुलांच्या एका संस्थेने लोब यांचा टेलिव्हिजनवरील आदर्श पिता म्हणून गौरव केला.

त्या टेलिव्हिजनचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. मालिकेचा खर्च जनरल फूड्स ही कंपनी उचलीत असे, आणि मॉली खिडकीत ओणवून प्रेक्षकांशी गप्पा मारता मारता त्याच कंपनीच्या सँका कॉफीची तारीफ करीत असे. कॉफी खपली पाहिजे, एवढेच कंपनीचे धोरण. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या कंपनीने जीन म्यूर या नटीला दुसऱ्या एका मालिकेतून पहिल्या प्रक्षेपणापूर्वीच काढून टाकले. पुढे सिरॅक्यूज गावचा लॉरेन्स जॉन्सन नावाचा एक किराणा व्यापारी तर कंपन्यांना धमकावू लागला की, ‘काळ्या यादीतील नट ठेवाल, तर तुमच्या मालाशेजारी तशी पाटी लावीन.’ कोणाला काम मिळावे आणि कोणाला मिळू नये, हे आता वाण्याच्या दुकानात ठरू लागले!

लोब यांना काढण्यास बर्गबाईंनी साफ नकार दिला. गावोगाव फिरून कंपनीच्या मालावर बहिष्कार घालावयास सांगेन, असे त्यांनी बजावले. त्यायोगे काही महिने निभावले. 1951 साली कंपनीने अंग काढून घेतले, सी. बी. एस. ने मालिका बंद केली. दुसरा कोणी खर्च उचलील तर लोब यांच्याशिवाय, हे उघड झाले. वीस-बावीस माणसांचा रोजगार की एकाची बाजू, अशा पेचात बाई नमल्या. मी त्यांना फार दोष देणार नाही. 1952 साली मालिका एन. बी. सी. वर पुन्हा दिसू लागली तेव्हा जेकची भूमिका दुसऱ्याकडे गेली होती, आणि लोब ठरावीक रक्कम घेऊन बाजूस झाले होते.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण येथे मिटले. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळावयास लावीत नाही, नुकसानीची भरपाई देवविते. आपला विशिष्ट सहाय्यतेचा कायदाही हेच सांगतो. भरपाई तर मिळाली होती. परंतु साठी ओलांडलेल्या नटास यापुढे कोणत्याही टेलिव्हिजन केंद्रावर काम मिळणार नव्हते, या नुकसानीचा दावा कोणावर लावावयाचा? आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नाही, हे लोब सांगत राहिले. ते खोडून काढण्याची गरजही कोणास भासली नाही.

त्यांचा मुलगा मनोरुग्ण होता. खासगी रुग्णालयाचा खर्च झेपेना, म्हणून त्याला सरकारी रुग्णालयात हलवावे लागले. नाटकातील थोडेफार काम आणि झीरो मॉस्टेल या नटमित्राच्या घरचा आसरा, यांवर काही काळ गेला. 1 सप्टेंबर 1955 रोजी मॅनहॅटनमधील टाफ्ट हॉटेलात लोब यांनी आपले जीवन संपविले.

वर्षभराने जॉन हेन्री फॉक या रेडिओ कलावंताने, स्वतःचे नाव काळे करणाऱ्या एका संस्थेवर व त्या सिरॅक्यूजच्या व्यापाऱ्यावर दावा लावला. 1962 साली ज्यूरीने 35 लाख डॉलरची भरपाई ठरविली. अपिलात ती साडेपाच लाखांवर आली. व्यापारी निकाल ऐकावयास उरला नव्हता. खटला संपता संपताच तो वारला. काळ्या यादीची दहशत या खटल्याने बरीचशी मोडली.

1976 साली ‘द फ्रंट’ या चित्रपटात मॉस्टेल यांनी काम हिरावलेल्या एका विदूषकाची भूमिका केली. तिच्यावर लोब यांच्या शेवटाची छाया आहे. चित्रपटाच्या अखेरीस दिग्दर्शक मार्टिन रिट, लेखक वॉल्टर बर्नस्टाइन आणि स्वतः मॉस्टेल यांच्या नावांपुढे, ते कोणत्या साली काळ्या यादीत गेले, ते साल दिलेले आहे.