पौषातला सौदा

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पेठेपेठेत तालमी आहेत, तालमीतालमींचे संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या की त्या दिवशी सख्खे साडूही एकमेकांशी बोलत नाहीत. तेव्हा आमच्या वर्गातल्या पोरांनी गेल्या पौषात मला एक प्रश्न विचारला, त्याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते इतकेच की प्रश्न आमच्या पेठांचा नव्हता, स्कॉटलंडचा होता.

"सर, जानेवारीचा बाजार उघडलाय. सेल्टिकने कुणाला घ्यावे आणि रेंजर्सने कुणाला विकावे?"

हल्ली हातातल्या यंत्रावर जगातला कुठलाही सामना दिसतो, त्यामुळे आमच्या पोरांना ग्लासगो गडहिंग्लजइतके जवळचे झाले आहे. मी पडलो इतिहासाचा मास्तर. उद्या काय होईल हे मला कुणी विचारले की मी काल काय झाले ते सांगू लागतो. ही माझी जुनी खोड आहे. पोरांना तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत जे सांगता आले नाही, ते इथे सांगतो.

आधी या बाजाराविषयी दोन शब्द. 2002-03च्या हंगामापासून जागतिक फुटबॉल संघटनेने असे बंधन घातले की क्लबांनी खेळाडूंची देवघेव वर्षातून दोनदा, ठरलेल्या मुदतीतच करावी. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा हिवाळ्यात. स्कॉटलंडची हिवाळी मुदत येते जानेवारीत, म्हणजे ऐन पौषात. आपल्याकडे पौषात शुभकार्य करीत नाहीत. तिकडे मात्र याच महिन्यात घाईघाईने लग्ने जुळतात आणि घाईघाईने मोडतातही. या नियमापूर्वी हंगाम चालू असताना खेळाडू विकण्याची बरीच मोकळीक होती. तथापि हिवाळ्यातल्या सौद्याची तऱ्हा तेव्हाही हीच होती. उन्हाळ्यात क्लब विचार करून खरेदी करतो. हिवाळ्यात तो बहुधा कसल्यातरी भरात करतो: कधी गरजेच्या, कधी भीतीच्या, आणि कधी रागाच्या.

माझे आजोबा बैलांचे चांगले पारखी होते. बैल भर नांगरटीत बसला म्हणून चिडून त्याला बाजारात नेऊ नये, असे ते नेहमी सांगत. ते म्हणत, "बैल विकायचाच तर तो उभा असताना विकावा." ही गोष्ट मला 1966-67च्या हिवाळ्याचा इतिहास वाचताना आठवली.

ग्लासगो शहर एक, त्यातले मोठे क्लब दोन. रेंजर्स 1872चा; त्याचा पाठीराखा बहुतेक प्रॉटेस्टंट. सेल्टिक 1887चा, आयर्लंडातून पोटासाठी आलेल्या गरीब कॅथलिकांच्या पोराबाळांना अन्न मिळावे म्हणून एका धर्मबंधूच्या पुढाकाराने काढलेला. त्या हिवाळ्यात दोघांच्याही पुढे मोठे ताट वाढलेले होते. सेल्टिक युरोपियन कपात खेळत होता, रेंजर्स कपविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत. देशातल्या लीगमध्येही हे दोघेच पुढे होते.

सेल्टिकचा मॅनेजर होता जॉक स्टीन. मूळचा खाणकामगार, मार्च 1965मध्ये या जागेवर आलेला. त्याच्यापाशी जो मॅकब्राइड नावाचा सेंटर फॉरवर्ड होता, आणि नाताळ यायच्या आत त्या गड्याच्या नावावर 35 गोल लागले होते. असा खेळाडू घरात असताना दुसरा आघाडीवीर विकत घ्यायचे कारण काय? तरीही डिसेंबर 1966च्या पहिल्या आठवड्यात स्टीनने एडिंबरोच्या हार्ट्स क्लबकडून विली वॉलेस याला सुमारे 30,000 पौंड मोजून आणले. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. आणि 24 डिसेंबरला ॲबरडीनच्या मैदानावर मॅकब्राइडचा गुडघा गेला. त्या हंगामात तो पुन्हा उभा राहिला नाही.

याला नशीब म्हणावे काय? थोडे म्हणावे. पण घर शाकारलेले असले म्हणजे पावसाला नशीब म्हणता येते. नसले तर त्याला संकट म्हणतात. वॉलेसने 12 एप्रिल 1967ला युरोपियन कपाच्या उपान्त्य सामन्यात प्रागच्या डुक्लाविरुद्ध तीनपैकी दोन गोल केले. 29 एप्रिलला स्कॉटिश कपाच्या अंतिम सामन्यात ॲबरडीनविरुद्ध दोनच गोल झाले, ते दोन्ही त्याचेच. आणि 25 मे 1967 रोजी लिस्बनमध्ये इंटर मिलानला 2-1 हरवून युरोपियन कप जिंकणाऱ्या पहिल्या ब्रिटिश संघात तो होता. त्या संघातले अकराही जण सेल्टिकच्या मैदानापासून 30 मैलांच्या आत जन्मलेले, ही गोष्ट जगभर कौतुकाने सांगितली जाते, आणि ती खरी आहे. मात्र त्या अकरांतला एक जण हिवाळ्याच्या बाजारातून आणलेला होता, हे सांगायचे पुष्कळदा राहून जाते.

आता नदीपलीकडचे, रेंजर्सचे घर पाहू.

त्यांच्यापाशी जिम फॉरेस्ट होता. वय अवघे 22. या पोराने 1964-65च्या एका हंगामात सगळ्या स्पर्धा मिळून 57 गोल केले होते. ऑक्टोबर 1963च्या लीग कपाच्या अंतिम सामन्यात मॉर्टनविरुद्ध पाचपैकी चार गोल त्याचे. असा खेळाडू क्लबाला एका पिढीत एकदा मिळतो.

28 जानेवारी 1967 रोजी स्कॉटिश कपाच्या पहिल्याच फेरीत रेंजर्स बेरिकला गेले. बेरिक हे ट्वीड नदीच्या मुखाशी वसलेले लहानसे गाव. भूगोलाने इंग्लंडात, फुटबॉलने स्कॉटलंडात. त्यांचा क्लब खालच्या विभागातला. त्यांचा मॅनेजर जॉक वॉलेस स्वतःच गोलात उभा राहत असे. सॅमी रीड याने पहिल्या अर्ध्यात एक गोल केला, आणि मग रेंजर्सनी उरलेला सारा वेळ धडका मारल्या, पण बेरिकचे दार काही उघडले नाही. सामना 1-0 असा संपला. स्कॉटलंडच्या फुटबॉलमध्ये याहून मोठा धक्का कुणी सांगत नाही.

पराभव अकरा जणांचा होता. खापर फुटले ते दोघांच्या डोक्यावर. फॉरेस्ट आणि त्याचा जोडीदार जॉर्ज मॅकलीन यांना संघातून काढले. दोघांपैकी एकालाही पुन्हा रेंजर्सच्या पहिल्या संघात खेळू दिले नाही. मार्चमध्ये फॉरेस्टला इंग्लंडातल्या प्रेस्टनला विकले. मॅकलीनची पुढे डंडीला रवानगी झाली.

इथे वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी खेळाडू आणि बैल यांत फार अंतर नव्हते. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या हाती राही. क्लबने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे, आणि क्लबला नकोसा झाला की राहण्याचा उपाय नसे. इंग्लंडात 1963मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने या पद्धतीवर ठपका ठेवला. पण करार संपल्यावर खेळाडूने पैशाच्या अडसराविना जावे, हा हक्क युरोपच्या न्यायालयाने बॉसमन या बेल्जियन खेळाडूच्या दाव्यात दिला, तो थेट डिसेंबर 1995मध्ये. फॉरेस्टच्या वेळी मालकाला आलेला राग हाच कायदा होता.

पुढे काय झाले ते आकड्यांतच सांगतो. लीगमध्ये सेल्टिकला 58 गुण मिळाले आणि रेंजर्सना 55. लिस्बनच्या विजयानंतर सहा दिवसांनी, 31 मेला, न्यूरेंबर्गमध्ये रेंजर्स आपल्या युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना खेळले. समोर बायर्न म्यूनिक. गोल करणारे दोघे विकलेले. म्हणून रॉजर हिंड या मूळच्या बचावातल्या खेळाडूला सेंटर फॉरवर्ड करून उतरवले. तो जिवाच्या आकांताने खेळला. पण सुताराला सोनाराच्या दुकानात बसवून दागिना घडत नाही. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळेत बायर्नने एक केला आणि कप नेला. मग उन्हाळ्यात रेंजर्सनी डन्फर्मलिनकडून एक सेंटर फॉरवर्ड 65,000 पौंडांना घेतला. त्याचे नाव ॲलेक्स फर्ग्युसन. पुढे मॅनेजर म्हणून तो जगाला ठाऊक झाला. पीक हातचे गेल्यावर विहीर खणली, असा तो प्रकार होता. नोव्हेंबरमध्ये मॅनेजर स्कॉट सायमन यांनाही घरी पाठवले. राग एकदा दारातून आत आला की एका माणसाला खाऊन त्याचे पोट भरत नाही.

येवढ्यावरून सेल्टिक शहाणा आणि रेंजर्स खुळा, असा धडा कुणी काढू नये. एक तिसरे घर आहे, ज्याची बाजू कुणी मांडत नाही. ते म्हणजे विकणाऱ्याचे. हार्ट्सने एप्रिल 1965मध्ये शेवटच्या दिवशी, स्वतःच्या मैदानावर, गोलांच्या सरासरीतल्या बारीकशा फरकाने लीग गमावली होती. तिथून पुन्हा उठायचे, तर त्यांनी वॉलेसच विकला. त्याच्याही आधी, एअरड्रीसारख्या कोळशा-लोखंडाच्या गावातल्या क्लबने डिसेंबर 1925मध्ये ह्यूई गॅलाकर हा साडेपाच फुटांच्या आतबाहेरचा विलक्षण खेळाडू न्यूकॅसलला 6,500 पौंडांना दिला. तो असताना एअरड्री ओळीने तीन वर्षे लीगमध्ये दुसरे आले होते; त्या वर्षीही दुसरेच आले. गॅलाकरने पुढच्या हंगामात लीगमध्ये 36 गोल करून न्यूकॅसलला इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवून दिले. ज्या गावाने त्याला घडवले, त्याच्या वाट्याला पहिली जागा काही आली नाही. स्कॉटलंडच्या बहुतेक क्लबांचा इतिहास असाच आहे: पोसायचे आपण आणि कापणी करायची दक्षिणेने. शाळामास्तराला हे दुःख निराळे समजावून सांगायला नको.

आजही रीत तीच आहे. जानेवारी 2022मध्ये सेल्टिकने हाताते, माएदा आणि इदेगुची हे तीन जपानी खेळाडू आणले; मॅनेजर पोस्टेकोग्लू यांनी जपानात काम केले होते, त्यांना माल ठाऊक होता. 2 फेब्रुवारीला रेंजर्सविरुद्ध 3-0 असा विजय मिळाला, त्यातले दोन गोल हातातेचे, आणि त्या वर्षीची लीग सेल्टिकची झाली. रेंजर्सनी त्याच महिन्यात आपला तरुण नेथन पॅटरसन एव्हर्टनला विकला आणि युव्हेंटसकडून ॲरन रॅमसे हा नामांकित खेळाडू उसना आणला. मे महिन्यात सेव्हिलमध्ये युरोपा लीगचा अंतिम सामना पेनल्टींवर गेला, आणि चुकली ती एकच पेनल्टी, रॅमसेची. म्हणून त्याला दोष देऊ नये. तिथवर पोचणे हेच थोर होते. पण ज्याला आपण जवळून पाहिले आहे असा माणूस आणणे आणि ज्याचे नाव ऐकले आहे असा माणूस आणणे, यांतला फरक बाजारात शेवटी दिसतोच.

आता माझ्या स्वतःच्या बेरिकची हकीगत सांगतो. ती सांगितल्याशिवाय वरचे सगळे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पंधरा वर्षांपूर्वी शाळेचा संघ माझ्याकडे होता. आंतरशालेय सामन्यात एका खेड्यातल्या शाळेने आम्हांला एका गोलाने हरवले. त्यांच्या पोरांच्या पायांत धड बूटही नव्हते. आमचा पुढचा खेळाडू नववीतला, कुंभारगल्लीतला. त्याने समोरचे दोन गोल दवडले. परतीच्या टेंपोत मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, "उद्यापासून मैदानावर तोंड दाखवू नकोस." त्याने तोंड दाखवले नाही. मैदानावर नाही, आणि काही दिवसांनी वर्गातही नाही. बाप आजारी असल्याचे कारण मागाहून कानावर आले. मी त्याच्या घरी जायला हवे होते, गेलो नाही. त्या वर्षीच्या पुढच्या सामन्यात मी बचावातल्या एका पोराला पुढे खेळवले, आणि आम्ही पुन्हा हरलो. न्यूरेंबर्गची हकीगत प्रथम वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते.

जिम फॉरेस्ट 1968मध्ये स्कॉटलंडात परतला, ॲबरडीनकडे. 11 एप्रिल 1970 रोजी ॲबरडीनने स्कॉटिश कपाच्या अंतिम सामन्यात सेल्टिकला 3-1 हरवले, तेव्हा तो संघात होता. त्याला त्याचे मैदान परत मिळाले.

माझा विद्यार्थी बिंदू चौकाजवळ रिक्षा चालवतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तो आपल्या भावाच्या मुलाला पाचवीत घालायला शाळेत आला. मी ओळखले, त्यानेही. "खेळतो का रे हा?" मी विचारले. "खेळतो की सर," तो म्हणाला, "पण अजून गोल चुकवतो." एवढे बोलून तो हसला, आणि मला खाली मान घालून रजिस्टरात नाव लिहावे लागले.

तेव्हा पोरांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. सेल्टिकने, रेंजर्सने आणि हार्ट्सनेही जानेवारीत काय करावे? गरज दिसायच्या आधी घ्यावे. ज्याला नीट पाहिले आहे त्यालाच घ्यावे. विकणे भाग असेल तर विकावे. गरिबाला ते चुकत नाही. मात्र शनिवारी सामना हरला असेल, तर सोमवारी कुणालाही विकू नये. चार दिवस थांबावे, आणि मधल्या काळात त्याच्या घरी एकदा जाऊन यावे.