दोन झाडांमध्ये झोळी, वर वादळ: सिंदेवाहीच्या जंगलात हे जमेल का?

काठावर ओढून ठेवलेली छोटी होडी, दोन झाडांना बांधलेली कापडी झोळी, वर ताडपत्री आणि तिच्यावर कोसळणारा पाऊस. असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. या झोळीला हॅमॉक म्हणतात आणि हे व्हिडिओ बरेचदा अमेरिका-कॅनडातल्या तलावांच्या भागातले असतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही परिसरातही साग आहे, तलाव आहेत, पूर्वेला वैनगंगा आहे, तिच्यात डोंगेही चालतात. मग तोच बेत इथे का नको?

नुसत्या पावसाचा प्रश्न असेल तर हॅमॉक तंबूपेक्षा बरा. जमीन चिखलाची असो की उताराची, झोपणारा वर असतो. ताडपत्री मात्र झोळीपेक्षा लांब हवी आणि वारा वाढला की खाली ओढून घ्यायला हवी. नवखे लोक एका ठिकाणी हमखास फसतात. पाणी खोडावरून पट्ट्यावर येतं आणि पट्ट्यावरून थेट अंथरुणात. उपाय साधा आहे. पट्ट्याला झोळीच्या अलीकडे सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडायचा, पाणी तिथेच गळून जातं.

खरी अडचण झाडांची आहे. 4 जुलै 1999 रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, होड्यांच्या सहलींसाठी प्रसिद्ध असलेल्या बाउंड्री वॉटर्स या जंगलात ताशी 130 ते 160 किलोमीटर वेगाचं वादळ घुसलं. लाखो झाडं आडवी झाली आणि सुमारे 60 जण जखमी झाले. म्हणून हॅमॉक बांधण्याआधी वर बघायचं असतं, वाळकी फांदी दिसली की जागा बदलायची. सिंदेवाहीकडे अवकाळी वादळं येतात ती एप्रिल-मेमध्ये, नेमका साग निष्पर्ण असतो तेव्हा. जिवंत झाड कोणतं आणि वाळलेलं कोणतं, हे अनोळखी माणसाला पटकन कळत नाही.

विजेचा धोका त्याहून मोठा. झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी घेते आणि हॅमॉकमधला माणूस तर दोन झाडांनाच बांधलेला असतो. ताडपत्री विजेला अडवत नाही, तंबूही नाही. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. होडीत असाल तर लगेच काठावर या, झोळीत असाल तर उतरा आणि पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथेच थांबा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातल्या विजांचा इशारा देतं. पण त्याला नेटवर्क लागतं, आणि घनदाट जंगलात त्याचा भरवसा धरू नये.

नदीचं गणित वेगळंच. वैनगंगेला पूर यायला इथे पाऊस पडावाच लागतो असं नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातून पाण्याचा लोंढा आला, गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले आणि ब्रह्मपुरी तालुक्यातल्या लाडजसारख्या गावांना पुराने वेढलं. अशा रात्री काठावर झोपलेल्याला वरच्या आभाळाकडे बघून काहीच कळणार नाही.

आणि वाघ. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या 3 महिला वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. त्या गेल्या होत्या पोटासाठी, तेही दिवसा. जिथे गावकरी जीव मुठीत धरून जातात, तिथे रात्री रीलसाठी झोळी टांगणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. शिवाय राखीव जंगलात वन विभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करणं बेकायदेशीर आहे.

जंगलातली रात्र अनुभवायचीच असेल तर बुद्धपौर्णिमेच्या सुमारास वन विभागाचा 'निसर्गानुभव' हा उपक्रम असतो. त्यात नोंदणी केलेल्यांना पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर बसता येतं, सोबत वन कर्मचारी असतात. हॅमॉकची हौस भागवायला एखाद्या होम-स्टेचं अंगण पुरे. मात्र दोर बांधण्याआधी पक्क्या घराचं दार किती पावलांवर आहे ते मोजून ठेवा.